काडीच्या टोकावरची झोप

सरडे दिवसभर काय करतात ते सगळ्यांना ठाऊक असतं. कुंपणावर बसतात, मान वरखाली करतात, आपण जवळ गेलो की फांदीच्या पलीकडे सरकतात आणि तिथून एका डोळ्याने आपल्यावर नजर ठेवतात. पण दिवस मावळल्यावर ते कुठे जातात हे फार थोड्यांना माहीत असतं. ते बघायचं तर अंधारात बाहेर पडावं लागतं, आणि अंधार पडला की ज्याला त्याला आपलं अंथरूण आठवतं.

थोरली त्या थोड्यांपैकी एक होती. हौस म्हणून नव्हे, तिची ती नोकरीच होती.

घरात तिला थोरली म्हणत, कारण तिच्या पाठीवर एक धाकटा होता. कामावर मात्र ती मोजणीबाई. काम वस्तीबाहेरच्या एका लहानशा संशोधन केंद्रात होतं. केंद्र म्हणजे दोन खोल्या, एक पत्र्याची शेड आणि मागे चारशे पावलं लांबीचं जुनं, दाट झुडपांचं कुंपण. अंधार पडला की टॉर्च घेऊन त्या कुंपणाच्या कडेने चालायचं. झोपलेला सरडा रंगाने फिका पडतो, त्यामुळे उजेडात तो पानांमध्ये अडकलेल्या पांढुरक्या चिंधीसारखा दिसतो. दिसला की खाली जमिनीत नंबराची खुंटी रोवायची आणि नोंदवहीत लिहायचं, किती उंचावर आहे, डोकं कुठे, शेपटी कुठे. सकाळी उजाडताना पुन्हा जायचं, तो किती वाजता उठून उन्हाला गेला ते टिपायचं, आणि मग तो ज्या फांदीवर झोपला होता तिची जाडी चिमट्यासारख्या मापाने मोजायची.

या कामाचे दोन नियम होते. रात्री फांदीला हात लावायचा नाही, हा पहिला. दुसरा असा की एखादी नोंद राहून गेली तर जागा कोरी सोडायची नाही, खरं कारण लिहायचं. थोरलीच्या वहीत अशी कारणं होती: ‘जोराचा पाऊस’, ‘टॉर्चचे सेल संपले’, ‘कुत्रं मागे लागलं’. हे नियम घालून दिले होते डॉक्टरबाईंनी. डॉक्टरबाई सरड्यांच्या अभ्यासातल्या डॉक्टर होत्या, पण वाटेने जाणारे लोक त्यांना थांबवून गुडघेदुखीवर औषध विचारत. पहिली दोन वर्षं त्यांनी समजावून सांगितलं. मग कंटाळून मलमाचा एक डबा आणून टेबलाच्या खणात ठेवला.

त्या शुक्रवारी संध्याकाळी थोरली आठव्या खुंटीपाशी उभ्या उभ्या झोपली. क्षणभरच. टॉर्च हातातून निसटून पायावर पडला तेव्हा ती भानावर आली.

मागून येणाऱ्या डॉक्टरबाईंनी टॉर्च उचलून दिला. ‘‘मोजणीबाई, घरी जा. उरलेलं मी बघते.’’

‘‘घरी जाऊन तरी काय करू? तिथे कुठे झोप आहे?’’

‘‘तुमचे वडील अजून फिरतात रात्रीचे?’’

‘‘कालही तीनदा उठले. आणि परवा रविवारी धाकटा येतोय त्यांना न्यायला.’’

एवढं बोलून ती पुढे चालू लागली. पाय आपोआप चालत होते, त्यांच्याशी तिचा काही संबंध नसल्यासारखे.

पुढे कुंपणाला मोठं खिंडार पडलेलं होतं. पाण्याची नळवाहिनी टाकायला मधली तीस पावलं झुडपं तोडली होती. मजुरांचा मुकादम भला माणूस, त्याला आपल्या हातून जरा जास्तच तोड झाल्यासारखं वाटलं असावं. त्याने जाताना तिथे मांडीएवढे जाड बारा लाकडी खांब ठोकून दिले, वर आडव्या फळ्याही बसवल्या. ‘‘बाई, तुमच्या सरड्यांना पलंग करून दिलेत,’’ तो म्हणाला होता. डॉक्टरबाईंनी त्याचे आभार मानले आणि खांब राहू दिले. त्याला अठरा रात्री झाल्या होत्या. पलंगांवर कोणी झोपलेलं नव्हतं.

‘‘बांड्याचा पत्ता लागला का?’’ डॉक्टरबाईंनी विचारलं. बांड्या म्हणजे अर्धी शेपटी तुटलेला एक म्हातारा सरडा. तोडलेल्या भागातच त्याची रोजची झोपायची जागा होती, आणि झुडपं गेल्यापासून तो दिसला नव्हता.

थोरलीने उत्तराऐवजी टॉर्च वर केला. खिंडाराच्या कडेला तोडताना चुकून राहिलेला एक लांब कोंब नळासाठी खणलेल्या चरावर वाकलेला होता, पेन्सिलीइतका बारीक. त्याच्या अगदी टोकाशी, पोट चिकटवून, डोळे मिटून बांड्या झोपला होता. वाऱ्याने कोंब हलत होता आणि बांड्या त्याच्याबरोबर वरखाली होत होता. हातभर अंतरावर मुकादमाचा खांब होता, सरळ, मजबूत, रिकामा.

‘‘अहो, पलंग सोडून हा असा लोंबकळतोय कशाला?’’ थोरली म्हणाली. ‘‘मला तर बघूनच चक्कर येते.’’

‘‘खांबावर मांजर चढलं तर खांब हलेल का?’’

‘‘नाही.’’

‘‘आणि या काडीवर साप नुसता टेकला तर?’’

थोरलीने जरा विचार केला. ‘‘काडी हलेल.’’

‘‘म्हणजे त्याला कळेल. कळलं की तो खाली उडी टाकेल. आपल्या आकड्यांतून तरी मला असंच दिसतंय. तुम्ही मोजलेल्या फांद्या बघा ना, बोटाहून जाड क्वचितच असते.’’

थोरलीने मान डोलावली, बांड्याच्या कोंबाखाली खुंटी रोवली आणि वहीत लिहिलं. इतर वेळी तिला हे ऐकून गंमत वाटली असती. आज ते कानावरून गेलं.

घर पंधरा मिनिटांच्या अंतरावर होतं. दोन खोल्या, मध्ये एक बोळ, बोळाच्या एका टोकाला पुढचं दार आणि दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघर. दोन महिन्यांपूर्वी तिचे वडील, आबा, इथे राहायला आले. त्याआधी ते एकटे राहत होते. दिवा बदलायला स्टुलावर चढले आणि पडले, तेव्हा दोन्ही मुलांनी ठरवलं की आता पुरे. मागची खोली त्यांच्यासाठी तयार झाली. धाकट्याने जड लाकडी पलंग आणला, चार माणसांनी ढकलला तरी कुरकुर न करणारा. थोरलीने बिजागऱ्यांना तेल घातलं, दाराखालच्या फटीला कापडाची जाड वळी शिवून लावली, खिडकीला दुपदरी पडदा लावला. म्हातारा माणूस आहे, दार वाजून झोपमोड नको, रस्त्यावरचा आवाज नको. खोली अशी झाली की आत टाचणी पडली तर ऐकू यावी, आणि बाहेर डोंगर कोसळला तरी येऊ नये.

आबा त्या खोलीत पहिल्या रात्री दोन तास टिकले.

तेव्हापासून रोज तेच. दहा वाजता आडवे व्हायचे, बारा वाजता उठायचे. पुढच्या दाराची कडी बघायची, मग स्वयंपाकघराची खिडकी, मग पुन्हा कडी. मग बोळातल्या खुर्चीत बसून डुलकी काढायची, दचकून जागं व्हायचं आणि परत फेरी. दोनदा उंबऱ्याला अडखळून पडले होते. पहिल्यांदा कोपर खरचटलं, दुसऱ्यांदा कपाळाला तीन टाके पडले. थोरली पलीकडच्या खोलीत कान उघडे ठेवून पडायची. पावलं ऐकू आली की उठायची, नाही आली की काय झालं म्हणून उठायची. उजाडताना कुंपणावर हजर व्हायची. एकदा तिने दूध गॅसवर ठेवलं आणि ओट्याला टेकून झोपली. भांडं जळून कोळसा झालं.

त्या जळक्या भांड्यावरून धाकट्याने निकाल दिला होता. ‘‘ताई, आता मला काही सांगू नकोस. मी एका आश्रमात जागा बघून ठेवली आहे. रविवारी सकाळी येतो. रात्री तिथे माणूस असतो, दारं बाहेरून बंद करतात, पडायचं भय नाही.’’

‘‘बाहेरून?’’

‘‘मग काय करतील? सगळेच फिरायला लागले तर?’’

‘‘आबांना कोंडून ठेवणार म्हण की सरळ.’’

‘‘तुझ्यासाठीच करतोय ना मी? आरशात बघ जरा तोंड.’’ मग त्याचा आवाज उतरला होता. ‘‘हे बघ, रविवारपर्यंत ते एक रात्र जरी धड झोपले, तरी मी शब्द काढणार नाही. जमतंय का बघ.’’

आबांना हे सगळं माहीत होतं. ते यावर एक अक्षरही बोलले नव्हते. आपली पिशवी मात्र त्यांनी भरून पलंगाखाली ठेवली होती.

शुक्रवारची रात्र. दोन वाजता पावलं वाजली. थोरली उठून बोळात आली तेव्हा आबा कडीवर हात ठेवून उभे होते.

‘‘लावलेली आहे, आबा.’’

‘‘दिसतंय मला.’’

‘‘मग झोपा ना आता.’’

‘‘झोपतो. तू जा.’’

ती गेली नाही. परत आत जायचं आणि पुन्हा उठायचं, यापेक्षा इथेच बसलेलं बरं, असा तिने हिशेब केला. आबांना खुर्चीत बसवलं आणि आपण भिंतीला टेकून फरशीवर बसली. बोलायला लागलं तर ते निदान बसून राहतील, म्हणून तिने तोंडाला येईल ते सुरू केलं. आज किती सरडे सापडले, बांड्या कुठे सापडला, मुकादमाचे खांब कसे रिकामे आहेत.

‘‘एवढे जाड खांब,’’ आबा म्हणाले. ‘‘त्यावर कोण झोपेल?’’

‘‘का हो?’’

‘‘अगं, खांबाला बातमी कुठे लागते?’’

थोरली भिंतीपासून पुढे झाली. डॉक्टरबाईंना चार वर्षं आणि सात वह्या लागल्या, तिथे आबांना खुर्चीत बसल्या बसल्या कळलं होतं.

‘‘तुम्हाला कसं माहीत?’’

आबा गालातल्या गालात हसले. बऱ्याच दिवसांत ते हसले नव्हते. ‘‘एक सांगतो. पण धाकट्याला सांगायचं नाही, तो शाळेत माझ्यावर निबंध लिहून आला होता.’’

आबा लाकडाच्या वखारीत रात्रीचे राखणदार होते. चौतीस वर्षांत तिथून एक फळी चोरीला गेली नाही. निवृत्त होताना मालकाने त्यांना घड्याळ दिलं आणि भाषणात सांगितलं की या माणसाने चौतीस वर्षं डोळ्याला डोळा लागू दिला नाही. ती गोष्ट घरात कौतुकाने सांगितली जायची.

‘‘मी रोज झोपायचो,’’ आबा म्हणाले.

‘‘काय?’’

‘‘रोज. साडेदहा ते पाच. घोरायचोसुद्धा.’’

‘‘आबा.’’

‘‘मग काय, माणूस आहे की घुबड? फाटकापासून एक दोरी ओढून घेतलेली. दोरीच्या या टोकाला पत्र्याचा डबा, त्यात पाच-सहा खडे. डबा उशाशी टांगलेला. फाटकाला कोणी नुसतं बोट लावलं की डबा वाजायचा. आणि माझी ती घडीची खाट, तिचे पाय आवारात पसरलेल्या सैल फळ्यांवर. आवारात कोणी पाऊल टाकलं की फळ्या दबायच्या, खाट हलायची. चार वेळा लोक आले चोरी करायला. चारही वेळा ते कुंपण ओलांडायच्या आधी मी टॉर्च घेऊन उभा. लोक म्हणायचे, हा झोपतच नाही.’’ ते थांबले. ‘‘जागं राहायचं काम डब्याला दिलं होतं, पोरी. म्हणून तर झोप यायची.’’

थोरलीने बोळातून मागच्या खोलीकडे बघितलं. तेल घातलेल्या बिजागऱ्या. दाराखालची कापडी वळी. जड पडदा. चार माणसांना न हलणारा पलंग. प्रत्येक गोष्ट तिने आणि धाकट्याने मायेने केली होती, आणि प्रत्येक गोष्टीने म्हाताऱ्याचा एकेक कान बंद केला होता.

‘‘हे आधी का नाही सांगितलंत?’’

‘‘काय सांगू? तुम्ही एवढं केलंत. पलंग केवढ्याचा असेल तो. त्यावर पडलं की वाटतं, विहिरीत पडलोय. वर काय चाललंय काही कळत नाही. मग उठून बघून यावं लागतं.’’

शनिवारी सकाळी कुंपणावरून आल्यावर थोरलीने दाराखालची वळी उसवून काढली. पडदा उतरवला. आबांच्या सामानाबरोबर आलेली ती घडीची खाट परसातल्या खोपटात रद्दीखाली होती. तिचं कापड दोन ठिकाणी विरलं होतं, ते तिने दुहेरी दोऱ्याने शिवलं. खाट कुठे मांडायची यावर आबांनी बराच वेळ घेतला. आधी खोलीत मांडून बघितली, मग दाराला लावून, मग बोळात. बोळात ती एका अंगाने भिंतीला लागत होती, पुढचं दार पायाशी येत होतं आणि थोरलीच्या खोलीचं दार उशाशी. वाट जवळजवळ बंद झाली.

‘‘मी जाऊ-येऊ कशी?’’ थोरली म्हणाली.

‘‘आडवं होऊन.’’

डब्याला दोरी बांधताना मात्र त्यांनी तिला हात लावू दिला नाही. गाठ तीनदा सुटली. ‘‘तुझी गाठ घट्ट बसते. दोरी जरा सैल हवी, नाहीतर वाऱ्यानेसुद्धा वाजेल आणि मग त्यावरचा विश्वास उडतो.’’ शेवटी दोरी कडीपासून खाटेपर्यंत आली, डबा उशाशी टांगला गेला. थोरलीने दार उघडून बघितलं. खडे वाजले. आबांनी मान हलवली, जशी डॉक्टरबाई चांगली नोंद बघून हलवतात तशी.

तिला फारशी आशा नव्हती. आशा करायलासुद्धा अंगात थोडं बळ लागतं.

संध्याकाळी कुंपणावर एकोणीस सरडे भरले. बांड्या त्याच कोंबावर होता, त्याच टोकाला. साडेनऊला थोरली घरी आली आणि तिने दार ढकललं.

खुळखुळ झाली. ‘‘कोण?’’

‘‘मी.’’

‘‘किती भरले?’’

‘‘एकोणीस.’’

‘‘कडी लाव.’’

तिने कडी लावली आणि वळून बघितलं. तेवढ्यात आबांचे डोळे मिटले होते. ती आडवी होऊन खाटेच्या कडेने सरकली, तेव्हा खाट हलली. त्यांनी एक डोळा उघडला, तिला बघितलं आणि मिटला.

थोरली आपल्या अंथरुणावर पडली, पण सवयीचा काय इलाज? बारा वाजले, एक वाजला. पावलं नव्हती. पावलं नाहीत म्हणून तिचा जीव वर-खाली होऊ लागला. काय झालं असेल? उठून बघावं का? ती उठणार एवढ्यात बोळात खाट कुरकुरली. आबा कुशीवर वळले होते. थोड्या वेळाने पुन्हा कुरकुरली. मग तिने उठून आपल्या खोलीचं दार पूर्ण उघडं टाकलं, उशी दाराच्या बाजूला घेतली आणि पडली. आता खाट हलली की तिला कळणार होतं. पुढची कुरकुर झाली की नाही, ते तिला कधीच कळलं नाही.

रविवारी सकाळी सातला धाकटा आला. गाडीची मागची सीट त्याने रिकामी केली होती, खिशात आश्रमाचा भरलेला अर्ज होता. दारावर टकटक केली आणि ताई झोपलेली असली तर उगाच उठेल, म्हणून त्याने आपल्याजवळच्या किल्लीने कुलूप काढलं आणि बाहेरून फिरणाऱ्या खिट्टीने आतली कडी हळूच सरकवली. चोरासारखा.

डबा खणखणला. धाकटा उंबऱ्यावरच खिळला. समोर बोळ अडवून त्याने मोडीत काढायला सांगितलेली खाट, आणि खाटेवर आबा.

‘‘कोण?’’

‘‘मी. धाकटा.’’

‘‘मग दार लाव. वारा येतोय.’’ आबांनी पांघरूण ओढलं, भिंतीकडे तोंड केलं आणि लगेच त्यांचा श्वास संथ झाला.

धाकट्याने दार लावलं. आत जायला वाट नव्हती, म्हणून तो उंबऱ्यावर बसला. खाटेपलीकडे उघड्या दारातून त्याला ताई दिसत होती. अंगावर कालचेच कपडे, पायात एक मोजा, तोंड उघडं, सरळ झोपलेली. ताईला झोपलेलं त्याने शेवटचं कधी पाहिलं होतं, ते त्याला आठवेना. तो बराच वेळ तसाच बसून राहिला. मग पाय आखडले म्हणून पोट आत घेऊन खाटेच्या कडेने स्वयंपाकघरात गेला आणि चहा ठेवला. खाट हलली तसा आबांनी एक डोळा उघडून त्याच्याकडे बघितलं होतं.

थोरली उठली तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. ऊन खिडकीतून फरशीवर आलं होतं. कुंपणावरचे सगळे सरडे केव्हाच उठून गेले असणार.

‘‘मला उठवलं का नाहीस?’’ ती म्हणाली.

‘‘वाट कुठे आहे तुझ्यापर्यंत यायला?’’ धाकट्याने कप पुढे केला. चहा पाणचट होता आणि निवलाही होता. ‘‘हे काय प्रकरण आहे? डबा, दोरी?’’

‘‘आबांना विचार.’’

‘‘विचारलं. म्हणाले, राखणदाराची गुपितं असतात.’’ त्याने खिशातला अर्ज काढला, उलटसुलट केला. ‘‘आश्रमवाले विचारतील. त्यांना काय सांगू?’’

बोळातून आबांचा आवाज आला. ‘‘सांग, म्हाताऱ्याला त्याची जागा सापडली.’’

धाकट्याने अर्जाची घडी घालून तो परत खिशात ठेवला. फाडला नाही. पुन्हा पडले तर, असं त्याच्या मनात असावं, आणि थोरलीलाही ते समजत होतं. पण जाताना त्याने पलंगाखालची पिशवी ओढली, आतले कपडे काढले आणि जिथले तिथे कपाटात लावले. सदरे उलट्या घडीचे लावले, ते थोरलीने नंतर सरळ केले.

दुपारी ती केंद्रात गेली. नोंदवही उघडली. एकोणीस नंबर, एकोणीस उंच्या आणि त्यापुढे सकाळचा रकाना, वरपासून खालपर्यंत कोरा. चार वर्षांत असं झालं नव्हतं. पेन हातात धरून ती जरा वेळ बसली. ‘प्रकृती ठीक नाही’ असं लिहिता आलं असतं, आणि डॉक्टरबाईंनी काही विचारलंही नसतं.

मग तिने नेहमीच्या नीट अक्षरात लिहिलं: ‘रविवार, सकाळ. नोंद नाही. कारण: झोप लागली.’